तीन मिनिटं

मीटिंग दुपारी चारला, चहा आधीच गार.
फळ्यावर डॉक्टर बेदमुथांनी लिहिलं
'रुग्णसेवा सुधारणे'
आणि खाली दोन रेघा ओढल्या, जणू झालंच.
मी विचारलं, किती?
ते म्हणाले, म्हणजे?
किती सुधारायची, साहेब, आणि कधीपर्यंत?
पिंपळगावला टोमॅटोसुद्धा 'बरेचसे' म्हणून विकत नाहीत,
क्रेट मोजतात.

दोघं-तिघं हसले. रिबेका हसली नाही.
शरणपूरची पोर, नोकरीला दोन महिने,
त्या रात्री झिपरू गावितांना फरशीवरून
तिनेच उचललं होतं.

सुरगाण्याकडचा माणूस.
बेलचं बटण त्याला विजेचं वाटलं,
परक्याच्या घरातल्या विजेला हात कशाला लावा,
म्हणून स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर वाजवत राहिला.
टण. टण.
मग थांबून, संकोचून,
टण.

अकरा मिनिटं.
शेजारच्या खाटेवर प्रेसमधून रिटायर झालेले गृहस्थ होते,
नोटा मोजण्यात जन्म गेलेला, झोप नसलेले.
त्यांनी मोजली.
सकाळी राउंडला मला सांगितली,
तक्रार म्हणून नाही, हिशोब म्हणून.
बाराव्या मिनिटाला पाणी आणायला झिपरू स्वतःच उठला.
खुब्याचं हाड.

मग खडू मी घेतला.
'बोलावल्यापासून तीन मिनिटांत. दहापैकी नऊ वेळा. दिवाळीपर्यंत.'
दहापैकी दहा लिहायला हात शिवशिवत होता,
पण रात्री छत्तीस खाटांना आम्ही दोघी आणि एक वॉर्डबॉय,
आणि जे जमणार नाही ते लिहिलं की
दुसऱ्या दिवसापासून फळ्याकडे कुणी बघत नाही.

ऑगस्टचा आकडा आला: चाळीस सेकंद.
साहेबांनी पेढे मागवले.
मी पेढा हातात धरून बसले,
तो हातातच मऊ झाला.
त्या रात्री, ड्युटी नसताना,
द्वारकेवरून रिक्षा करून न सांगता आले
आणि जिन्याच्या दाराआड उभी राहिले.
दिवा लागला. पगारे पळत आला.
दिवा बंद केला, 'आलोच हां, बाबा' म्हणाला
आणि पळतच दुसऱ्या दिव्याकडे गेला.
दिवा बंद झाला की आमचं घड्याळ थांबायचं.
बाबा 'आलोच'कडे बघत बसले होते.

रागावले. नाही म्हणत नाही.
पण त्याचे पाय सुजलेले होते, डबल ड्युटीचे,
आणि घड्याळ कुठे थांबवायचं
हे फळ्यावर मीच लिहिलं नव्हतं.
पगारे, म्हटलं, दिव्यापाशी नाही थांबवायचं.
पाणी ओठाला लागलं की थांबवायचं.
भांडं मागितलं असेल तर भांडं दिल्यावर.
कुशीवर वळवायचं असेल तर वळवल्यावर,
मागची उशी नीट बसल्यावर.

सप्टेंबर: सहा मिनिटं.
साहेबांचा चेहरा उतरला.
मी तो सहा फळ्यावर वीतभर उंच काढला,
आणि त्याच सहाच्या जोरावर
रात्रपाळीला तिसरी नर्स मागितली.
मिळाली, अर्ध्या महिन्यापुरती.

दिवाळीला नऊ दिवस.
रात्रीचे दोन चाळीस.
झिपरूबाबा परत आलेत, पायाला सूज.
बेलला अजून हात लावत नाहीत.
मीच पेला उशाशी ठेवलाय,
नोंदवहीत एक रकाना वाढवलाय:
बेल की पेला.

टण.

रिबेका पळत नाही, भरभर चालते,
पळालं की बाकीचे घाबरून उठतात.
मध्येच सात नंबरचं सलाइन संपलेलं, ते बघते,
मग जगमधून पाणी, मानेखाली हात,
दोन घोट, तिसरा हनुवटीवरून.
मी घड्याळ बघते.
तीन मिनिटं दहा सेकंद.

खांद्यावरून वाकून ती वहीत बघते,
'सिस्टर, तीनच लिहा ना.'
नाही, म्हटलं,
आणि जाता जाता ती खिडकी लाव,
चौदा नंबरला गार लागतंय.